लॅपटॉपची बॅटरी आणि माझी एक चूक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत कोषाध्यक्षांनी केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी मी जमाखर्च वाचते आणि खाली बसते. यंदा मी कार्यकारिणीकडून दहा मिनिटे मागून घेतली आहेत. जमाखर्चात ‘लॅपटॉपची नवी बॅटरी व मजुरी, रु. ४,७००’ अशी एक रक्कम आपण ऐकली. तिच्यामागची हकीकत सांगितल्यावाचून माझा हिशेब पुरा होत नाही.

मंडळाचा लॅपटॉप दिवाळीच्या फराळविक्रीतून उरलेल्या पैशांतून घेतला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दुपारी त्याच्यावर मुलींचा संगणक-वर्ग चालतो आणि संध्याकाळी पापड-लोणच्यांच्या ऑर्डरी नोंदल्या जातात. कष्टाच्या पैशाची वस्तू, म्हणून माझा तिच्यावर फार जीव. कपाटाशेजारच्या कोनाड्यात तिची जागा मीच नेमून दिली. धूळ बसू नये म्हणून वर जाड विणलेला रुमाल घातला आणि चार्जर कायमचा लावून ठेवला. “चार्जर कुणी काढायचा नाही,” अशी माझी सक्त ताकीद होती. बॅटरी वापरली की झिजते, तेव्हा ती वापरायचीच नाही, इतका साधा माझा हिशेब. ठेवणीतले लुगडे आपण कार्यापुरतेच बाहेर काढतो ना, तसे!

अशी दोन वर्षे गेली. एके दिवशी वर्गातली बारावीची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती. कोनाड्यात अंधार पडतो म्हणून ती लॅपटॉप खिडकीशी घेऊन बसली. चार्जर अर्थातच काढला होता. अर्ज निम्मा झाला आणि लॅपटॉप एकाएकी बंद पडला. भरलेले सगळे गेले. मी तिला सर्वांदेखत बोलले. “फुकट मिळते म्हणून वस्तू कशीही वापरायची का? बॅटरीची वाट लावलीस!” असे माझे शब्द होते. ती एवढेच म्हणाली, “काकू, अजून सेहेचाळीस टक्के होती.” मी ते ऐकूनही घेतले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गाला येईनाशी झाली. अर्ज तिने बाहेर पैसे देऊन भरला, हे मला मागाहून कळले.

आठवड्याने दुरुस्तीवाला आला. त्याने आधी लॅपटॉपकडूनच बॅटरीचा अहवाल काढून घेतला. विंडोजमध्ये ही सोय असते. नवी असताना बॅटरीत किती वीज मावत होती आणि आता किती मावते, हे दोन्ही आकडे त्यात येतात. आमचे आकडे होते ४२,००० आणि १९,००० मिलिवॅट-तास. म्हणजे निम्मीसुद्धा उरली नव्हती! मग त्याने मागचे झाकण उघडले. आतली चपटी बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. बोट फिरवायची पाटी महिनाभर अडकत होती, ती ह्याच फुगवट्यामुळे. तो म्हणाला, “काकू, ही वापरून गेलेली नाही. भरून ठेवून गेली आहे.”

भगिनींनो, त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. पुढे मी विचारून आणि वाचून जे समजून घेतले, ते थोडक्यात सांगते.

आजच्या लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती १९९१ साली बाजारात आली आणि तिच्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या आत एका बाजूला ग्रॅफाइट असते, दुसऱ्या बाजूला धातूचे ऑक्साइड, आणि मधल्या द्रवातून लिथियमचे कण ये-जा करतात. चार्ज करताना ते ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परत येतात. साधारण घट पूर्ण भरला म्हणजे त्याचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. ह्या दाबावर मधला द्रव हळूहळू बिघडतो, काही लिथियम कायमचे अडकून पडते आणि कधी आत वायू साठतो. त्यात उष्णतेची भर पडली की हे सारे फार झपाट्याने होते.

पुष्कळ जणींना वाटते की चार्जर लावून ठेवला म्हणजे दूध उतू जावे तशी वीज उतू जाते. तसे होत नाही. बॅटरी भरली की आतले यंत्र चार्जिंग थांबवते. नुकसान होते ते महिनोन्‌महिने काठोकाठ भरलेल्या आणि तापलेल्या स्थितीत पडून राहण्याने. माझ्या रुमालाने हवेच्या भोकांवर पांघरूण घातले होते. मी जिला जपणूक समजत होते, तिनेच बॅटरी मारली. अशा थकलेल्या बॅटरीचा दाब जरा जोर पडताच कोसळतो आणि दाखवलेले टक्केही भरवशाचे राहत नाहीत. म्हणून सेहेचाळीसवर ती बंद पडली. मुलगी खरे बोलत होती.

दुसरे टोकही वाईटच. बॅटरी शून्यावर आणून मग भरावी, ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. लिथियमला ती लागू नाही.

मग उपाय काय? जेवताना दोन घास कमी खावे म्हणतात, तेच इथे करायचे. ऐंशी टक्क्यांवर थांब, असे लॅपटॉपला सांगून ठेवायचे. ही सोय आता बहुतेक कंपन्या देतात. एसुसच्या ‘मायएसुस’मध्ये ऐंशीवर थांबण्याचा पर्याय आहे. लेनोव्होच्या ‘व्हँटेज’मध्ये बॅटरी-संरक्षणाचा पर्याय आहे. डेलच्या कित्येक लॅपटॉपमध्ये चार्जिंग कोठे सुरू व्हावे आणि कोठे थांबावे, ते आपण ठरवू शकतो. एचपीच्या कार्यालयीन लॅपटॉपमध्ये बॅटरी ऐंशीवर रोखण्याचा पर्याय आहे. प्रवासाला निघताना किंवा वीज जाणार असे कळले असताना शंभर करून घ्यावे आणि काम झाले की पुन्हा ऐंशीवर आणावे. एका बैठकीची वेळ थोडी कमी होते, पण बॅटरीचे आयुष्य वाढते.

आमच्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसेना. इथे फर्मवेअरची गोष्ट येते. विंडोज जागे होण्याच्या आधी जागी होणारी एक आज्ञावली यंत्राच्या आतच बसवलेली असते. घरात सर्वांच्या आधी उठून चूल पेटवणारी बाई म्हणा ना! बॅटरी किती भरावी, पंखा कधी फिरावा, ह्यावर तिची देखरेख असते. कंपनी वेळोवेळी तिच्यात सुधारणा करते. मे २०२० मध्ये ॲपलने मॅकओएस १०.१५.५ ह्या सुधारणेतून पुष्कळ मॅकबुकना अशीच देणगी दिली. बॅटरी किती तापते आणि कशी चार्ज होते ते पाहून ती किती भरावी हे यंत्रच ठरवू लागले. म्हणजे विकत घेताना नसलेला गुण मागाहून, पैसे न देता मिळू शकतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. फर्मवेअर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा तिच्याच ॲपमधून, आपल्या मॉडेलचा क्रमांक पाहून घ्यावे. पडद्यावर अचानक आलेल्या भलत्या निरोपावर बोट ठेवू नये. आणि सुधारणा चालू असता चार्जर लावलेला व बॅटरीही पुरेशी भरलेली असावी. मध्येच वीज तुटली तर लॅपटॉप उठणारच नाही, अशी पाळी येऊ शकते. गेलेली बॅटरी मात्र फर्मवेअरने परत येत नाही. लोणच्याला बुरशी आल्यावर वरून तेल ओतून काय उपयोग?

आणखी थोडे. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये. महिनाभर बंद ठेवायचा असेल तर बॅटरी निम्मी ठेवून थंड जागी ठेवावा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा आणि जाणत्या माणसाला दाखवावा. ती दाबू नये, टोचू नये, कारण ती पेट घेऊ शकते. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आता माझ्या हिशेबातली खरी बाकी. दुरुस्तीवाला गेला त्याच संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईसमोर माझी चूक सांगितली. मुलगी काही बोलली नाही, चहा करून दिला. चार दिवसांनी ती वर्गाला आली आणि तिनेच आमच्या मॉडेलचे नवे फर्मवेअर शोधून काढले. एका सकाळी आम्ही दोघी समोर बसलो. पडदा दोनदा काळा झाला, तेव्हा माझा हात बटणाकडे गेला. “काकू, हात लावू नका,” असे तिने मला बजावले. ह्या खेपेस मी ऐकले. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि ऐंशीचा पर्याय समोर आला.

ह्या गोष्टीला अकरा महिने झाले. ती दर महिन्याला अहवाल काढून वहीत नोंद ठेवते. ४२,००० ची नवी बॅटरी आज ४०,६०० वर आहे. रुमाल मी घरी नेला.

मी तिला सर्वांदेखत बोलले होते, म्हणून माफीही सर्वांदेखत मागायला हवी होती. आज ती इथे मागच्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेऊनच मी हे सांगितले. बाळ, माझे चुकले.

येत्या शनिवारी दुपारी ज्यांना आपले लॅपटॉप दाखवायचे असतील, त्यांनी ते चार्जरसह मंडळात आणावेत. ती तपासून देईल आणि मी वहीत नोंद करीन.