कचेरीतील पामची निगा



शासकीय कचेऱ्या, शाळांचे व्हरांडे आणि ग्रामपंचायतींची सभागृहे येथे पामच्या कुंड्या आता सर्रास दिसतात. त्यांत अरेका पाम विशेष लोकप्रिय आहे. मूळ मादागास्करचे हे झाड बुंध्यापाशी अनेक कोंब देते, म्हणून लवकर भरगच्च दिसते.

कचेरीतील पाम पाण्यावाचून क्वचितच मरतो. तो बहुधा अतिपाण्याने दगावतो. सकाळी शिपाई पाणी घालतो, दुपारी एखादा लिपिक पेल्यातील उरलेले पाणी ओततो आणि अभ्यागताचा चहाही पुष्कळदा तेथेच विसावतो. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. पाने मलूल होतात आणि ती पाहून पुन्हा पाणी घातले जाते! तेव्हा मातीत बोट घालून पाहावे. वरचा दोन पेरांचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात ही वेळ बऱ्याच दिवसांनी येते. कुंडीचे काम एकाच व्यक्तीकडे नावानिशी सोपवणे उत्तम.

झाडाला खिडकीजवळचा भरपूर उजेड हवा, मात्र दुपारचे कडक ऊन नको. पानांची टोके करपून मातीवर पांढरा थर दिसू लागला, तर बहुधा कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार साचलेले असतात. अशा वेळी पावसाचे पाणी भरपूर ओतून निथळू द्यावे. वाळलेली पाने कापावीत, परंतु खोडाचा शेंडा कधीही छाटू नये. पामचे प्रत्येक खोड शेंड्यातूनच वाढते. तो गेला की ते खोड संपले.

कुंडीखालच्या ताटलीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तेथील स्वच्छ, स्थिर पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण ८ ते १० दिवस पुरतात. अंडी ताटलीच्या कडेला चिकटतात व कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी ओतून भागत नाही. गावाला ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगणाऱ्या पंचायतीने त्या दिवशी आपल्या कचेरीतील ताटल्याही घासूनपुसून कोरड्या कराव्यात. शाळांनी दीर्घ सुटीपूर्वी सर्व कुंड्या सावलीत एकत्र ठेवून पाण्याची व्यवस्था लावावी आणि ताटल्या काढून, घासून, आत पालथ्या घालून ठेवाव्यात.