कोंबडीचा तंटा कोंबडीएवढाच राहू द्या

(गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील गावांत काम करणारे कार्यकर्ते आणि मंडळीचे सभासद यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू आलेले मी पाहिले. या व्यासपीठावरून आपण आरोग्य, शिक्षण, वनहक्क यांविषयी बोलतो. शेजाऱ्यांच्या कोंबड्या-कुत्र्यांची भांडणे हा काही भाषणाचा विषय आहे का, असे तुम्हाला वाटले असेल. पण गावात राहून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारा. चांगला चाललेला बचत गट अचानक मोडतो. दोन घरच्या बायका एका हातपंपावर येईनाशा होतात. एका घरचा माणूस दुसऱ्या घरच्या मयतीला जात नाही. कारण विचारले तर कोणी नीट सांगत नाही. चार-पाच वेळा बसल्यावर मुळाशी निघते ती कोंबडी. 'त्यांच्या कुत्र्याने आमची तलंग खाल्ली आणि वर आम्हालाच बोलले.' तलंग मेली त्याला तीन वर्षे झालेली असतात, पण अबोला जिवंत असतो.

म्हणून आधी कोंबडीची किंमत समजून घेऊ. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. त्यातली बरीचशी बाई विकत नाही, खातही नाही. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवते आणि २१ दिवस वाट बघते. निघालेल्या पिल्लांतली काही घार नेते, काही मुंगूस नेते, काही थंडीत जातात. उरलेली मोठी होतात आणि आठवडी बाजारात जातात. त्या पैशातून मीठ येते, तेल येते, लेकराची वही येते, दवाखान्यात जायचे एसटीचे तिकीट निघते. धानाचे पैसे घरधन्याच्या हाती जातात, पण कोंबडीचे पैसे बाईच्या पदराला राहतात. तेव्हा अंड्यांवर बसलेली कोंबडी मेली तर एक कोंबडी गेली असे म्हणता येत नाही. त्या बाईचे पुढचे सहा महिने गेले.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही वेळा कोंबडी त्या बाईची नसतेच. बहिणीने किंवा नणंदेने अर्ध्या वाट्याने पाळायला दिलेली असते, म्हणजे तिला दुसरीकडेही उत्तर द्यायचे असते. काही वेळा कोंबडा देवाला कबूल केलेला असतो, ठरावीक रंगाचा, ठरावीक सणासाठी राखलेला. आपण मंडळीतले लोक असा नवस करत नाही. पण तंटा सोडवायला बसणाऱ्याने हे विचारलेच पाहिजे. नाहीतर आपण दोनशे-चारशे रुपयांची तडजोड करून उठतो आणि तो माणूस मनात म्हणतो, यांना माझे दुःख कळलेच नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्यानेही गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीचीच गोष्ट सांगितली होती. तिची बाजारातली किंमत त्याने सांगितली नाही. ती त्या घराला काय होती, ते सांगितले.

आता ही भांडणे होतात कशी ते पाहू. जून-जुलैत पऱ्हे टाकलेले असतात आणि कोंबड्या शिरून ते उकरतात. मार्च-एप्रिलमध्ये अंगणात मोहफुले वाळत असतात, नंतर धान वाळत असते, तिथे त्या पाय मारतात. परसातल्या भाजीच्या वाफ्याचे तर विचारूच नका. ज्याचे नुकसान झाले तो दगड भिरकावतो. दगड कोंबडीला लागतो, आणि आता कोंबडीवाला फिर्यादी होतो. दोघांचेही नुकसान झालेले असते आणि दोघेही खरे बोलत असतात.

दुसरे कारण कुत्रे. आपल्या गावांत कुत्रा बांधून ठेवायची रीत नाही. रात्री राखण करतो तोवर कुत्रा माझा असतो, कोंबडी खाल्ली की तो गावाचा होतो! ज्याच्या दारात कुत्र्याला रोज भाकर मिळते, त्यानेच त्याची जबाबदारी घ्यायची, एवढा एक नियम गावाने केला तरी निम्मे तंटे मिटतील. कुत्रा माणसाला चावला तर भांडण नंतर करा. आधी जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा. तिखट, हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते आणि सगळ्या मात्रा पूर्ण कराव्या लागतात. जाण्यायेण्याचा खर्च कुत्रेवाल्याने उचलावा, हे गावाने आधीच ठरवून ठेवावे.

तिसरे कारण बिबट्या. उघड्यावर झोपणाऱ्या कोंबड्या आणि मोकळे कुत्रे यांच्या वासाने तो वस्तीत येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोकांना हे मी सांगायला नको. एका घरचे तुटके खुराडे हा मग साऱ्या आळीचा प्रश्न होतो, कारण कोंबडीसाठी आलेल्या बिबट्याच्या वाटेत शेजारचे लेकरू असू शकते.

आणि चौथे कारण, ज्यासाठी मी आज हा विषय घेतला. एका घरच्या पंधरा कोंबड्या चार दिवसांत मरतात. काहींच्या माना वाकड्या होतात, काही चोच उघडी टाकून धापा टाकतात, हिरवट-पांढरे हगतात आणि पडतात. शेजारच्या घरच्या मात्र अजून धडधाकट असतात. लगेच बोलणे सुरू होते. कोणी म्हणतो, विष घातले. आणि कोणी आवाज खाली करून त्याहून वाईट शब्द बोलतो, करणी.

बंधू-भगिनींनो, तो शब्द कुठवर जातो हे आपल्या जिल्ह्यांनी पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर गावात बांधून मारले. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे अशाच संशयावरून दोन जीव जाळले गेले. त्या घटना कोंबड्यांवरून झाल्या असे मी म्हणत नाही. पण संशयाची वाट एकच असते. आज मेलेल्या कोंबडीवरून एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवले, ते बोट गाव विसरत नाही. उद्या त्याच गावात लेकरू आजारी पडले की ते बोट पुन्हा वर होते.

त्या कोंबड्यांना बहुतेक वेळा काय झालेले असते? मानमोडी. रानीखेत म्हणतात तोच रोग. तो विषाणूने होतो, करणीने नाही. बाजारातून आणलेल्या एका कोंबडीबरोबर तो गावात येतो. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकली की आणखी पसरतो. शेजारच्या कोंबड्या आज धडधाकट दिसत असल्या तरी आठवड्याने त्यांचीही पाळी येऊ शकते. झालेल्या रोगाला औषध नाही, पण लस आहे. पिल्लू आठवडाभराचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब टाकतात आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बीचे इंजेक्शन देतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

यात एक मेख आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते. ती बर्फात आणावी लागते आणि फोडल्यावर थोड्या वेळात संपवावी लागते. एका घरी कोंबड्या दहा-बारा. म्हणजे लस टोचायची तर आळीतल्या दहा घरांनी एकाच सकाळी, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत, एकत्र यावे लागते. ज्या आळीत अबोला आहे तिथे लस होत नाही. लस नाही म्हणून मानमोडी येते, आणि मानमोडी आली की संशय आणि अबोला आणखी वाढतो. हे चक्र आपल्याला तोडायचे आहे.

ते तोडायचे कसे, ते सांगतो.

पहिले, आधी खुणा पाहा. आपली माणसे जंगलात वाघाचा माग काढतात. पण परसातली कोंबडी गेली की मुंगसाचा माग न काढता थेट शेजाऱ्याचा काढतात! पिसे कुठे पडली, कुडाला भोक कुठे आहे, ओल्या मातीत पाऊल कोणाचे आहे, हे गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन सकाळीच पाहावे. दुपारपर्यंत खुणा पुसल्या जातात आणि गोष्टी वाढतात.

दुसरे, त्याच दिवशी, एकट्याने, शेजाऱ्याच्या दारी जा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने हाच क्रम घालून दिला आहे. आधी दोघांतच बोलायचे, मग एक-दोन साक्षीदार घ्यायचे, आणि त्यानंतर मंडळीपुढे न्यायचे. आपण नेमके उलटे करतो. आधी हातपंपावर बोलतो, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी सगळ्यात शेवटी. एक काळजी घ्या. कोणी प्यालेला असेल तर त्या रात्री जाऊ नका, सकाळी जा.

तिसरे, भरपाई वस्तूने करा. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात नियम आहे की ज्याच्या जनावराने दुसऱ्याचे शेत चारले, त्याने आपल्या शेतातल्या उत्तम पिकातून भरून द्यावे. कोंबडीला कोंबडी द्या आणि रोगट देऊ नका. अंड्यांवरची कोंबडी गेली असेल तर पुढच्या विणीतली चार पिल्लेही द्या. पऱ्हे उकरले असतील तर रोवणीच्या वेळी आपले जास्तीचे पऱ्हे द्या, किंवा एक दिवस रोवणीला जा. पैसे त्या संध्याकाळी संपतात. दिलेली कोंबडी अंगणात फिरते आणि समेटाची आठवण देते.

चौथे, बैठक घ्यावीच लागली तर कोंबडीच्या मालकिणीला आधी बोलू द्या. बैठकीत पुरुष बोलतात आणि जिचे नुकसान झाले ती मागे कुडाला टेकून बसते. काही ठिकाणी दंडाच्या पैशातून जेवण होते, दारू होते, आणि तिच्या हाती काहीच पडत नाही. असा न्याय तंटा मिटवत नाही, झाकतो.

बैठक कुठे घ्यायची? गोटुलात, ग्रामसभेत, जिथे गाव बसते तिथे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढीप्रमाणे तंटे सोडवण्याचा अधिकार दिलेला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा गाव तर सर्वसहमतीने निर्णय घेण्यासाठी देशभर ओळखले जाते. तिथे हात वर करून मोजणी होत नाही, सगळ्यांना पटेपर्यंत बोलतात. शेजाऱ्यांच्या तंट्याला हीच रीत बरी, कारण बहुमताने हरलेला माणूस घरी जाऊन शेजारीच राहणार असतो. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची समिती तुमच्या गावात असेल तर तिचीही मदत घ्या.

कोणी म्हणेल, कोंडवाडा आहे ना! तो आहे १८७१ च्या कायद्याचा. त्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, अगदी उंट आणि हत्तीसुद्धा आहेत. कोंबडी नाही! इंग्रज सरकारनेही कोंबडीचा तंटा शेजाऱ्यांवरच सोडला. आणि भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. तेव्हा तालुक्याला जाणार कोण?

पण सगळेच गावात मिटवायचे नसते. शेजाऱ्याच्या कुत्र्याला पिकावरचे औषध कालवून भाकर टाकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती भाकर कोणाचे लेकरूही उचलू शकते. आणि कोणावर करणीचा आळ घेऊन त्रास देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथे समेटाची बैठक बसवू नका. त्या माणसाला आधी सुरक्षित जागी न्या आणि पोलिसांना कळवा. तंटा कोंबडीएवढा असेपर्यंत तो आपला. माणसाच्या जिवावर आला की तो कायद्याचा.

शेवटी या कार्याला हातभार लावणाऱ्या तुम्हा सर्वांशी बोलतो. तुम्ही प्रेमाने म्हणता, गरीब घरांना कोंबडीची पिल्ले देऊ या. जरूर द्या. पण एका घरी वीस पिल्ले आली, खुराडे नाही, जाळी नाही, लस नाही, तर दोन महिन्यांत त्या घराची शेजारच्या तीन घरांशी भांडणे होतात. म्हणून पिल्लांच्या आधी खुराडे द्या. वाफ्याभोवती कुंपणाला जाळी द्या. लस आणायला एक बर्फाची पेटी आणि ती घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याचे गाडीभाडे द्या. फोटोत बर्फाची पेटी पिल्लाएवढी गोड दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आळीतली दहा घरे एका सकाळी तिच्याभोवती उभी राहतात. एकमेकांच्या कोंबड्या धरून देतात. त्यात कधी कधी अशी दोन घरे असतात जी वर्षभर बोललेली नसतात. 'धर गे, पाय नीट धर', एवढेच एक दुसरीला म्हणते. समेटाची सुरुवात एवढीशीच असते.

या पावसाळ्याआधी आपापल्या गावात एका आळीची तरी लस एकत्र करून घ्या, आणि त्याच सकाळी कुत्र्यांचा, पऱ्ह्यांचा आणि भरपाईचा नियम गावाच्या तोंडून ठरवून घ्या. शांती करणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले आहे. त्याचा आशीर्वाद तुमच्या घरांवर आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या घरांवर असो.

आमेन.