आमची चिखलदऱ्याची सहल



सहल चिखलदऱ्यास न्यावी असे ठरले, तेव्हा घरोघरी पहिला प्रश्न निघाला, "स्वयंपाकाचे काय?" तो कसाबसा सुटला आणि आम्ही बावीसजणी खामगाव, शेगाव, अकोट, परतवाडा करीत सातपुड्याचा घाट चढलो.

भीमकुंड झाले, देवी पॉइंट झाला. १८०३ साली इंग्रजांनी घेतलेला गाविलगड चढताना आमचे गुडघेच बोलू लागले. पोरे मात्र पंचबोलला हाका मारून परतणारा आवाज ऐकण्यात दंग!

सांगायची आहे ती संध्याकाळची गोष्ट. जवळच्या गावी कोरकू स्त्रिया ओळीने नाचत गात होत्या. ढोल, बासरी साथीला. बोली मुंडा कुळातली, त्यामुळे आम्हांला शब्द कळेना. गाणे संपताच आमच्यातल्या एकीने पैसे पुढे केले. त्यांच्यातल्या म्हातारीने ते घेतले नाहीत. म्हणाली, "अब तुम्हारी बारी."

आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. कोणी सिनेमाचे गाणे सुचविले. मला आईची जात्यावरची ओवी आठवली, पण दुसऱ्याच ओळीला अडले. फार लाज वाटली. अखेर सत्तरीच्या आमच्या काकू जाते फिरविल्यागत हात करीत गाऊ लागल्या. सात-आठ ओव्या झाल्या. ती म्हातारी ढोलावर हलकी थाप देत होती.

परतताना मी काकूंशेजारी बसले. शेगावपर्यंत तीन ओव्या लिहून झाल्या. उरलेल्यांसाठी दर गुरुवारी दुपारी तीनला त्यांच्याकडे जाते. ज्यांना यायचे असेल त्यांनी वही घेऊन यावे.