जशी भूमी, तसे फुलपाखरू



आंबोलीहून बेळगाव सुमारे 65 किलोमीटर. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, बेळगावात 1300च्या आसपास. एवढ्याशा वाटेत सदाहरित रान सरते आणि पानझडी सुरू होते. म्हणून संवर्धनाची एकच रीत इथे सर्वत्र चालत नाही.

कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग घ्या. त्याची अळी ईश्वरीच्या कुळातल्या मोजक्या वेली-झुडपांचाच पाला खाते. त्या पाल्यातले विष तिच्या अंगात साठते, ते तिचे कवच. रानकडेची झुडपे ‘सफाई’ म्हणून तोडली, की मोठी झाडे उभी असूनही हे फुलपाखरू नाहीसे होते. फुलांची बाग त्याला मध देईल, पण अळीला पाला देणार नाही.

सड्याचे याहून वेगळे. जांभ्यावर मातीचा पातळ थर. उन्हाळ्यात कातळ तापतो, पावसाळ्यात पाणी साचते. या गरिबीतच दवबिंदू, सीतेची आसवे अशा कीटकभक्षी वनस्पती तग धरतात. कासचे पठार 2012 साली पश्चिम घाटासह जागतिक वारशात गेले. आपल्या गावामागचा सडा मात्र ‘पडीक’च राहिला. तिथे आपण माती टाकून रोपे लावतो. हेतू चांगला, पण सावली पडली, की ती फुले संपली.

तेव्हा वृक्षारोपणाचे निमंत्रण आले, की आधी विचारावे : इथे आज काय उगवते, आणि त्यावर कोण जगते?