अन्ननलिकेतील जन्मजात गाठ आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

जबलपूरचे रांझी हे प्रामुख्याने कामगारांचे उपनगर. वाहन निर्माणी आणि खमरियाची आयुध निर्माणी जवळच असल्याने देशाच्या अनेक भागांतील कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. त्यांत मराठी घरेही आहेत. अशा वस्त्यांमध्ये घास अडकण्याची तक्रार आम्लपित्त समजून अंगावर काढली जाते. पुष्कळदा ते आम्लपित्तच असते. क्वचित मात्र तिच्या मुळाशी जन्मापासूनची गाठ असते.

गर्भावस्थेच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात अन्ननलिका व श्वासनलिका एकाच आद्य नळीतून घडतात. या घडणीत दोष राहिल्यास अन्ननलिकेच्या भिंतीत द्रवाने भरलेली पिशवी उरते. सुमारे ८,२०० जन्मांमागे एक, असे तिचे प्रमाण सांगितले जाते. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेवर ती दाब आणते. प्रौढांत मात्र वर्षानुवर्षे मुकी राहते. सी. टी. स्कॅन आणि अन्ननलिकेच्या आतून केलेली सोनोग्राफी यांनी निदान होते. सुईने नमुना घेण्याची घाई येथे महागात पडू शकते, कारण गाठीत जंतुसंसर्ग झाल्यास पुढील शस्त्रक्रिया अवघड होते.

पूर्वी यासाठी छाती उघडावी लागे. आता तीन-चार छिद्रांतून दुर्बीण व अवजारे आत नेतात. त्या बाजूचे फुप्फुस तात्पुरते मिटवून स्नायूंचा थर उभा चिरतात आणि गाठ अलगद सोडवतात. खरी कसोटी असते ती आतील अस्तर फाटू न देण्यात आणि शेजारची चेतातंतूंची दोरी जपण्यात. शेवटी अन्ननलिकेत हवा सोडून बाहेरील पाण्यात बुडबुडे येतात का, हे पाहतात आणि स्नायू पुन्हा शिवतात. तो न शिवल्यास तेथे फुगवटा धरतो.

दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. छातीतील काम त्याहून कठीण. त्याला एकाच फुप्फुसावर भूल देणारा तज्ज्ञही लागतो. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ चे, म्हणजे नागपूर या प्रांताची राजधानी होती तेव्हाचे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने २०१८ पासून पात्र कुटुंबाला रुग्णालयातील उपचारांसाठी वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण दिले. परंतु ते कामी येते निदान झाल्यावर. तोवरचा सारा भार वस्तीतील पहिल्या डॉक्टरावर असतो: घास अडकतो म्हणणाऱ्याला पुन्हा आम्लपित्ताची गोळी द्यायची, की दुर्बिणीच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहायची.