शिक्षकाचं राजकारण : प्रा. एन. डी. पाटील



सातारा आणि सांगली हे १९४९ पर्यंत एकाच जिल्ह्याचे दोन भाग होते. मग दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या मुलखाच्या राजकारणाचा विषय निघाला की आपण साखर कारखान्यांपासून सुरुवात करतो आणि धरणांच्या पाण्याशी येऊन थांबतो. वर्गात शिकवणारी माणसं थेट राज्याच्या राजकारणात गेली, तो धागा मात्र सहसा हाती धरला जात नाही. आज तोच आपल्यासमोर ठेवतो.

कासेगावच्या राजारामबापू पाटलांनी १९४५ मध्ये आपल्या गावात शिक्षण संस्था उभी केली, तिच्या आझाद विद्यालयात मुख्याध्यापकी केली आणि पुढे ते राज्याचे महसूलमंत्री झाले. सोनसळचे पतंगराव कदम कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. हडपसरच्या साधना विद्यालयात त्यांनी शिक्षकी केली आणि १९६४ मध्ये भारती विद्यापीठाची स्थापना केली. १९८५ मध्ये ते विधानसभेत गेले. उद्योग, सहकार, महसूल, वन अशी खाती त्यांनी सांभाळली. दोघांनीही शिक्षणाच्या ध्यासातून संस्था उभारल्या आणि संस्थांच्या बळावर राजकारण केलं. त्यांचं कर्तृत्व मोठंच आहे. पण संस्थेची मालकी नाही, कारखाना नाही, नावावर हुकमी मतदारसंघ नाही, अशा शिक्षकानं राजकारणात काय करावं? त्या प्रश्नाचं उत्तर मला तिसऱ्या माणसाच्या आयुष्यात सापडतं. ते म्हणजे ढवळीचे नारायण ज्ञानदेव पाटील, महाराष्ट्राचे प्रा. एन. डी. पाटील.

त्यांचा जन्म १५ जुलै १९२९ चा, वाळवा तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबातला. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडे मच्छिंद्र याच तालुक्यातलं. एन. डी. तेरा वर्षांचे असताना बेचाळीसची ‘चले जाव’ चळवळ पेटली आणि पाठोपाठ नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजी राज्याला समांतर असा लोकांचा कारभार, उभं राहिलं. सत्तेला प्रश्न विचारता येतो आणि गाव आपला कारभार स्वतः चालवू शकतं, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. १९४८ मध्ये ते शेतकरी कामगार पक्षात गेले आणि अखेरपर्यंत त्याच पक्षात राहिले.

१९५४ ते १९५७ ही तीन वर्षं ते साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये काढलेलं हे कॉलेज ‘कमवा आणि शिका’ या योजनेवर चालत होतं. मुलांनी अंगमेहनत करायची आणि त्या कमाईवर पदवी घ्यायची. एन. डी. या योजनेतल्या मुलांचे रेक्टरही होते. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला श्रमाची किंमत पुस्तकाबाहेर, विद्यार्थ्यांच्या हातावरच्या घट्ट्यांत रोज दिसत होती. १९५७ मध्ये ते मुंबईला गिरणी कामगार युनियनचे सरचिटणीस झाले. वर्ग सोडून ते कामगारांत गेले, तरी समजावून सांगण्याचं काम तेच राहिलं. फक्त समोरचे विद्यार्थी बदलले. पुढे इस्लामपूरच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयाचे ते प्राचार्यही झाले.

१९६० मध्ये ते विधान परिषदेत गेले. १९६० ते १९६६ आणि १९७० ते १९८२, अशी अठरा वर्षं त्यांनी त्या सभागृहात काढली. आमदार असतानाच, १९६२ मध्ये, त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. कायदे करणाऱ्या सभागृहात बसायचं तर कायदा शिकला पाहिजे, ही खऱ्या शिक्षकाची वृत्ती. १९७८ ते १९८० या काळात, पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात, ते सहकारमंत्री होते. १९८५ मध्ये कोल्हापुरातून ते विधानसभेवर निवडून आले.

पदांचा हिशेब इथे संपतो आणि माझ्या मते खरं राजकारण इथूनच सुरू होतं. १९९० नंतर त्यांच्याकडे आमदारकी नव्हती, मंत्रिपद नव्हतं. वय साठीच्या पुढचं. तरी दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात ते होते. रायगडच्या सेझविरोधी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या, आंदोलनात शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी ते उभे राहिले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या तज्ज्ञ समितीचं काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. ऐंशी ओलांडल्यावर कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाचं नेतृत्व केलं आणि तो टोल सरकारला रद्द करावा लागला. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे ते अध्यक्ष होते. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतरही ते त्या चळवळीच्या पाठीशी ठाम राहिले.

या सगळ्या लढ्यांची रीत एकच होती. एन्रॉन असो की सेझ, विषय किचकट होते. विजेचे दर, करारातल्या अटी, भूसंपादनाची कलमं. एन. डी. आधी कागद वाचत, मग आकडे मांडत, मग गावच्या सभेत शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगत. ऐकणाऱ्याला विषय कळला पाहिजे, ही जबाबदारी सांगणाऱ्याची आहे, असं ते मानत. नुसती घोषणा देऊन लोकांना रस्त्यावर आणता येतं. पण हक्क कोणता आणि तो का, हे कळलेला माणूसच वर्षानुवर्षं टिकतो. १९९० ते २००८ ते रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन होते. एवढी मोठी संस्था हाताशी असताना तिचा मतांसाठी वापर त्यांनी केला नाही. त्यांचे मेहुणे शरद पवार राज्याच्या सत्तेत होते. तरी त्यांच्या धोरणांना उघड विरोध करताना एन. डी. कधी कचरले नाहीत. १७ जानेवारी २०२२ ला ते गेले. लोक त्यांना माजी मंत्री म्हणत नव्हते, ‘एन. डी. सर’ म्हणत होते.

आता आजच्या शिक्षकांकडे वळतो. राज्यघटनेच्या कलम १७१ नुसार विधान परिषदेच्या एक द्वादशांश जागा शिक्षकांच्या मतांवर भरतात. महाराष्ट्रात ७८ पैकी ७ जागा अशा आहेत आणि सातारा-सांगली पुणे विभागात येतात. मात्र हा मताधिकार माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच आहे. वाडीवस्तीवर पहिली ते चौथी शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना या मतदारसंघात मत नाही. सर्वांत गरीब मुलं ज्यांच्या हाती आहेत, त्यांचाच आवाज तिथे पोचत नाही. घटनेतली ही मर्यादा बदलावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. आणि जे मतदार आहेत त्यांना माझं सांगणं असं की, वेतन आणि अनुदान हे प्रश्न न्याय्य आहेत, ते जरूर लढवा. पण शिक्षक आमदारानं शेतकऱ्याचं पाणी, कामगाराची मजुरी, मुलींचं शिक्षण यांवरही अभ्यास करून बोललं पाहिजे, असा आग्रह धरा.

श्रोतेहो, पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की त्याची जात, त्याचा कारखाना, त्याच्या गाड्या बाजूला ठेवा. आपल्या तालुक्याच्या एका प्रश्नाचा कागद त्यानं वाचला आहे का आणि तो त्याला तुम्हाला समजावून सांगता येतो का, एवढं विचारा. उत्तर देता येत नसेल, तर मत देऊ नका.