आग्र्याच्या वाटेवरील बऱ्हाणपूर



बेळगावकराला आग्रा पाहावयाचे तर वाटेत गाडी बदलावी लागत नाही. गोवा एक्सप्रेस पुणे, भुसावळ, ग्वाल्हेर करीत त्याला थेट आग्रा कँटला उतरविते. उद्यमबागेतील कारखान्यांतली मंडळीही सुटीत सहकुटुंब या गाडीने निघतात.

मराठी प्रवाशाची पावले आधी किल्ल्याकडे वळतात, हे स्वाभाविकच आहे. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात शिवछत्रपतींनी भर सभेत आपला संताप प्रकट केला, तो याच किल्ल्यात. त्याच वर्षीच्या जानेवारीत, पुत्राच्या कैदेत असलेला शहाजहान येथेच मरण पावला होता. यमुनेच्या वळणावर दिसणारा ताजमहाल पाहात त्याने अखेरची वर्षे काढली.

त्या ताजमहालात शिरल्यावर लेथवर सुतासुताचा हिशेब करणाऱ्या कामगाराची नजर इतरांपेक्षा अधिक पाहते. संगमरवरात बसविलेल्या रंगीत खड्यांचा सांधा बोटाला लागत नाही, हे तो जाणतो. सारी इमारत मापात तोललेली. मुमताजची कबर बरोबर मध्यावर. मागाहून बाजूला आलेली शहाजहानची कबर तेवढी तोल मोडते.

परंतु या वास्तूची कथा आग्र्यात सुरू होत नाही. दक्षिणेच्या मोहिमेसाठी बादशहाचा मुक्काम तापीकाठच्या बऱ्हाणपुरात असताना, जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज तेथे निवर्तली. तिचे पहिले दफनही तेथेच झाले; काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेण्यात आला. गाडी भुसावळ सोडून पुढे जाते तेव्हा ते बऱ्हाणपूर खिडकीतून मागे पडते, आणि डब्यातील कोणी मान वर करून पाहात नाही.

तीच वर्षे दख्खनमधील भीषण दुष्काळाची होती. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही त्याचे वर्णन करून ठेविले आहे. त्याच दुष्काळात देहूच्या एका वाण्याचे दुकान बुडाले आणि त्याची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. तुकोबांनी हे दुःख स्वतःच्या अभंगात सांगितले आहे.

एकाच काळी, एकाच दख्खनच्या भूमीवर दोघांना पत्नीवियोग झाला. एकापाशी साम्राज्याचा खजिना होता. त्यातून सुमारे वीस वर्षांत ताजमहाल उभा राहिला. दुसऱ्यापाशी शब्दांवाचून काही उरले नव्हते. ताजमहालापुढे मान लवावी, कारण तो हजारो कारागिरांच्या हातांचा आहे. मात्र त्या दुष्काळात गेलेल्या असंख्यांना थडगे मिळाले नाही. त्यांच्यापैकी एकीचे मरण गाथेमुळे आपल्याला ठाऊक आहे.

गाथेची प्रत कपाटात जपून ती मागेल त्याच्या हाती देणे, हे वाचनालयाचे काम. आग्र्याला निघणाऱ्या सभासदाने ती सोबत न्यावी, आणि भुसावळ मागे पडल्यावर खिडकीपाशी बसावे.